वाफसा

हे सावकाश वाचा. घाई असेल तर आत्ता मिटून ठेवा आणि दिवेलागणीनंतर पुन्हा उघडा. जमलं तर अशा जागी बसा जिथून एखादं झाड दिसतं. लिंब, चिंच, रस्त्याकडेचा गुलमोहर, सोसायटीच्या आवारातला अशोक, कोणतंही चालेल. त्याच्याकडे थोडा वेळ नुसतं बघा. आत्ता त्याला पानं आहेत का? कोवळी आहेत की जून? बुंध्याशी काय पडलं आहे? फांदीवर कोणी येऊन बसलं आहे का? एवढंच पाहा. प्रार्थनेचे शब्द अजून शोधू नका.

प्रभू येशू डोंगरावर शिकवायला बसला तेव्हा त्याने लोकांना पाखरांकडे बघायला सांगितलं, रानातल्या फुलांकडे बघायला सांगितलं. काळजी करू नका हे सांगण्यासाठी त्याने त्यांचे डोळे आधी वर आणि मग खाली वळवले. आपणही तसंच करू.

मी अहिल्यानगर जिल्ह्यात राहते, जुन्या माणसांच्या तोंडी जो अजून नगरच आहे, आणि रविवारी शब्बाथशाळेत मुलांना शिकवते. मंडळीचं वर्ष आगमनकाळाने सुरू होतं, नोव्हेंबरच्या शेवटी किंवा डिसेंबरच्या आरंभी. आमच्या शिवाराचं वर्ष मृगाने सुरू होतं. पहिलं वर्ष पॅलेस्टाईनच्या आठवणींतून आलं आणि युरोपच्या थंडीत वाढलं. दुसरं सह्याद्रीच्या पाठीमागे, पर्जन्यछायेत वाढलं. लहानपणी आम्ही नाताळाच्या झाडावर कापूस लावून बर्फ करायचो, आणि त्याच वेळी चर्चच्या भिंतीपलीकडे ज्वारी निसवत असायची. त्या ज्वारीचा नाताळाशी काही संबंध आहे हे आम्हाला कोणी दाखवलं नाही. संबंध आहे, आणि तो मुलांना दाखवणं हे शिकवणाऱ्याचं पहिलं काम आहे, असं मी आता मानते. म्हणून आज तुम्हाला मी शिवाराच्या वर्षातून घेऊन जाते. मंडळीचे सण वाटेत भेटतील.

जूनचा पहिला आठवडा मनात आणा. नांगरट झाली आहे, कुळवाच्या पाळ्या झाल्या आहेत, ढेकळं फुटली आहेत, बियाणं घरात आलं आहे. आभाळ भरून येतं आणि पुढे निघून जातं. माणसाने करायचं ते सगळं करून झालं आहे. आता या जागेवर जरा थांबा. तुमच्या आयुष्यात असं काय आहे, ज्याची तयारी पूर्ण झाली आहे आणि जे तरीही तुमच्या हातात नाही? त्याला नाव द्या. मनातल्या मनात पुरे.

मग पाऊस येतो, ओल खोल जाईपर्यंत पडतो. नवखा माणूस म्हणेल, चला, पेरा. जाणता शेतकरी त्या दिवशी काळ्या रानात पाऊलही टाकत नाही. ओल्याचिंब मातीत पाभर घातली तर माती फणाला चिकटते, तास बुजतात, जमीन आवळून बसते आणि बी कुजतं. तो एक दिवस थांबतो, दोन दिवस थांबतो. जादा पाणी खाली उतरतं, मातीच्या कणाकणांत पुन्हा हवा शिरते. मग तो बांधावर वाकून मूठभर माती उचलतो, दाबतो आणि मूठ उघडतो. गोळा झाला, पण बोट लावताच अलगद फुटला, तर वाफसा आला. बियाला पाणी लागतं आणि श्वासही लागतो. वाफशात दोन्ही असतं.

तुमचा उजवा हात पुढे करा. मूठ आवळा. थोडा वेळ तशीच धरा, आणि सावकाश सोडा. आज तुमच्या आतली माती कशी आहे? कोरडी ठणठणीत आहे का? की दुःखाने, कामाने, घरातल्या आजारपणाने इतकी भिजली आहे की कोणी चांगला शब्द टाकला तरी तो कुजून जाईल? उत्तराची घाई नाही. दोन्हींपैकी कशाचाही देवाला राग येत नाही. ज्याने माती घडवली तो तिची ओल ओळखतो आणि थांबतो.

शिकवताना हे मी पुन्हापुन्हा पाहिलं आहे. रात्री घरातलं भांडण ऐकत जागलेलं पोर सकाळी वर्गात येतं, आणि आपण त्याच्याकडून वचन पाठ करून घ्यायला बसतो. त्या सकाळी त्याच्यात काहीच रुजणार नाही. त्याला खिडकीपाशी बसू द्यावं, काही खायला द्यावं, प्रश्न विचारू नये. पुढच्या रविवारी, किंवा त्याच्या पुढच्या, ते आपणहून जवळ येऊन बसतं. तेव्हा वचन वाचावं.

आता पेरणाऱ्याचा दृष्टांत घेऊ. तो आपल्या सगळ्यांना पाठ आहे: काही बी वाटेवर पडलं, काही खडकाळीवर, काही काट्यांत, काही चांगल्या जमिनीत. एकदा हा दृष्टांत सांगत असताना शेतकऱ्याच्या घरातल्या एका मुलाने विचारलं, "बाई, त्याच्याकडे पाभर नव्हती का?"

प्रश्न अगदी बरोबर होता. आमच्याकडे पेरणी म्हणजे पाभर किंवा तिफण. पुढे बैल, मागे चाडं, आणि चाड्यावर मूठ धरणारी बाई. बी नळ्यांतून उतरून फणामागच्या तासातच पडतं. वाटेवर दाणा जाण्याचं कारणच नाही. पॅलेस्टाईनमधला शेतकरी मात्र बी हाताने फोकत असे. ओच्यातून मूठ भरायची आणि चालता चालता उधळायची. मग थोडं पायवाटेवर जाणार, थोडं मुरमावर, थोडं काटेरी कुंपणाखाली. मी त्याला हे सांगितलं, त्याचं समाधान झालं, तास संपला. प्रश्न मात्र माझ्याजवळच राहिला.

कारण आम्ही शिक्षक पाभरीने पेरतो. आधी चांगली जमीन हेरतो. वही नीट ठेवणारं, ज्याचे आईबाप शिकलेले आहेत असं, पुढच्या बाकावर बसणारं पोर. मग त्याच्या तासात दाणा न् दाणा जपून सोडतो. दृष्टांतातला पेरणारा तसा नाही. त्याची मूठ मोकळी आहे. बी वाया जाईल या भीतीने तो हात आखडत नाही.

आणि वाट म्हणजे तरी काय? तीही मुळात वावरच होती. लोक तुडवत गेले म्हणून ती घट्ट झाली. नगर जिल्ह्यातल्या बहुतेक ख्रिस्ती घराण्यांचं मूळ महार आणि मांग वस्त्यांत आहे. गावाने ज्यांना वेशीबाहेर ठेवलं, पिढ्यान् पिढ्या ज्यांच्यावरून चालत गेलं, अशी ती माणसं. एकोणिसाव्या शतकात अमेरिकन मराठी मिशनच्या शाळांतून त्यांच्या मुलांच्या हाती पाटी आली. याच मिशनच्या सिंथिया फरार नगरला मुलींना शिकवत होत्या. सावित्रीबाई फुले यांनी अध्यापनाचे धडे त्यांच्याकडे घेतले. वाटेवर पडलेलं बी पाखरं खाऊन टाकतात हे खरंच आहे, दृष्टांतात तसंच सांगितलं आहे. पण वाट नांगरली तर तिचं पुन्हा वावर होतं, हेही आमच्या जिल्ह्याने पाहिलं आहे.

डोळे मिटा. एक चेहरा समोर येऊ द्या. इथे काही उगवणार नाही असं समजून ज्याच्यापासून तुम्ही हात आखडला, असा चेहरा. विद्यार्थी असेल, सून असेल, भाऊ असेल. आत्ता काही ठरवू नका. तो चेहरा थोडा वेळ समोर राहू द्या.

पन्नासाव्या दिवसाचा सण मे महिन्यात किंवा जूनच्या सुरुवातीला होतो, आणि त्यानंतर वेदीवर हिरवं वस्त्र येतं. मोठे सण मागे पडलेले असतात. हा सामान्य काळ, आणि तो थेट आगमनकाळापर्यंत चालतो. आमच्याकडे वेदी हिरवी होते आणि थोड्याच दिवसांत बाहेरचा माळही हिरवा होतो. हा मेळ मला मोठं देणं वाटतो. उन्हाळ्यानंतरचा पहिला हिरवा रविवार आला की मुलांना चर्चच्या दारात उभं करावं, आत बघायला सांगावं, मग बाहेर.

या काळात नवीन काही घडत नाही असं वाटतं. मार्कच्या शुभवर्तमानात एक लहानसा दृष्टांत आहे, जो बाकी तिघांकडे नाही. एक माणूस बी टाकून घरी जातो आणि झोपतो. इकडे रान आपलं काम करत राहतं. पात कधी आली, कणीस कधी भरलं, कसं भरलं, हे त्या माणसाला सांगता येत नाही. झोपेला विश्वासाच्या गोष्टीत इतकी मानाची जागा देणारा दुसरा दृष्टांत मला माहीत नाही. शेतकरी दर तासाला बी उकरून बघत नाही. आपण मात्र मुलांना उकरून बघतो. कालचं आठवतं का, परवाचं आठवतं का, प्रगतीपुस्तकात काय आलं, शेजारच्या मुलाला किती पडले.

आज रात्री ज्या माणसाच्या काळजीने तुम्हाला झोप लागत नाही, त्याचं नाव एकदा देवापुढे घ्या. एकदाच. मग पांघरूण ओढून घ्या आणि झोपा.

याच दिवसांत खुरपणी चालते, आणि याच दिवसांत गव्हातल्या निदणाचा दृष्टांत वाचला की शेतकऱ्यांच्या बायका चमकून बघतात. निदण कापणीपर्यंत तसंच वाढू द्यायचं? असं केलं तर हाती काय लागेल? त्यांना सांगावं लागतं की तिथलं ते तण कणीस येईपर्यंत गव्हासारखंच दिसतं, आणि त्याची मुळं गव्हाच्या मुळांत गुंततात. घाईने उपटणाऱ्याच्या हाती गहूच येतो. वर्गातलं कोणतं पोर तण आहे हे सातवीत ठरवणाऱ्यांनी या दृष्टांतापाशी फार वेळ बसावं. कोणाला कणीस कधी येईल हे सांगता येत नाही.

नारायण वामन टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले आणि पुढची पुष्कळ वर्षं त्यांनी नगरला काढली. मराठी वाचक त्यांना फुलामुलांचे कवी म्हणून ओळखतो. फुलं आणि मुलं ही जोडी नुसत्या यमकाने जमलेली नाही. दोघांनाही ओढून मोठं करता येत नाही, हे टिळकांना ठाऊक होतं. त्यांच्या आणि लक्ष्मीबाईंच्या नगरच्या घरी कोवळ्या वयातले बालकवी ठोंबरे येऊन राहिले होते. लक्ष्मीबाईंनी ‘स्मृतिचित्रे’त त्यांच्याविषयी मायेने लिहिलं आहे. बालकवी ख्रिस्ती झाले नाहीत. घर मात्र त्यांना मिळालं, जेवण मिळालं, कवितेला कान मिळाले. श्रावणाचं सगळ्यात उजळ रूप ज्याने मराठीत आणलं, तो मुलगा या दुष्काळी जिल्ह्यातल्या एका ख्रिस्ती घरात काही काळ सुखाने राहिला. शिकवण्याचा याहून मोठा नमुना माझ्यापुढे नाही.

पण श्रावण दरवर्षी हिरवा येतोच असं नाही.

इथून पुढचं जरा जड आहे. पाठ सरळ करा, एक लांब श्वास घ्या. १८७६ ते १८७८ चा दुष्काळ, १८९९-१९०० चा, १९७२ चा. आमच्या घराघरांत यांच्या गोष्टी आहेत. जनावरं सोडून दिली, गाव सोडलं, खडी फोडली. देव आपला पाऊस नीतिमानावर आणि अनीतिमानावर सारखाच पाडतो असं प्रभूने सांगितलं. पर्जन्यछायेत राहणाऱ्याला त्या वचनाचा उरलेला अर्धा भागही कळतो: पाऊस थांबतो तोही दोघांसाठी सारखाच थांबतो. म्हणून मुलांना कधीही सांगू नका की दुष्काळ ही पापाची शिक्षा आहे. ज्याचं पीक करपलं त्याच्या लेकराला आपला बाप पापी आहे असं वाटू देणं, हा मी शिकवण्यातला सगळ्यात मोठा अपराध समजते.

मग काय सांगायचं? फादर हर्मन बाखर यांचं सांगावं. हे स्वित्झर्लंडहून आलेले जेझुइट धर्मगुरू. नगर जिल्ह्यात त्यांनी कित्येक दशकं काम केलं, लोक त्यांना बाखर बाबा म्हणत. भारत-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रम त्यांच्या पुढाकाराने उभा राहिला, आणि १९९३ साली वॉटरशेड ऑर्गनायझेशन ट्रस्ट ही संस्था निघाली. संगमनेर तालुक्यातलं दरेवाडी हे त्या कामातलं गाजलेलं गाव. उघडेबोडके डोंगर, उन्हाळ्यात टँकर, निम्मं गाव बाहेर कामाला. गावाने डोंगरावर चराईबंदी केली, कुऱ्हाडबंदी केली, श्रमदान केलं, उतारावर सलग समतल चर खोदले, झाडं लावली. पाणी डोंगरातच जिरू लागलं आणि विहिरींना उतरू लागलं.

या कामाचा एक नियम आहे: माथ्यापासून सुरुवात करायची आणि पायथ्याकडे यायचं. लोकांना घाई असते खाली बंधारा बांधायची, कारण पाणी खाली दिसतं. पण वरचा उतार मोकळा असेल तर पहिल्याच मोठ्या पावसात माती वाहत येते आणि बंधारा गाळाने भरतो. आधी वर, जिथे थेंब पहिल्यांदा जमिनीला लागतो तिथे, त्याला अडवायचं.

तुमच्या दिवसाचा माथा कुठे आहे? सकाळी डोळे उघडल्यावरची पहिली काही मिनिटं कुठे वाहून जातात? मोबाईलवर जातात का? कालच्या भांडणावर जातात का? उद्या सकाळी तिथे एक लहानसा चर खणा. एका वचनाचा, किंवा नुसत्या शांततेचा. पायथ्याचं नंतर बघू.

सप्टेंबरात श्रीरामपूर तालुक्यातल्या हरेगावला मतमाउलीची यात्रा भरते. लांबलांबून माणसं चालत येतात, ख्रिस्ती येतात आणि इतरही येतात. मरियेच्या जन्माचे हे दिवस, आणि वाटेत दोन्ही बाजूंना बाजरी कणसावर आलेली असते. किनाऱ्याकडे काही ठिकाणी याच सुमाराला नव्या भाताच्या लोंब्या चर्चमध्ये आणतात. आईच्या वाढदिवसाला नवं धान्य घेऊन जाणं किती साधं आणि किती योग्य आहे.

पुढे हस्ताचा पाऊस होतो आणि त्या ओलीवर रब्बीची ज्वारी पेरतात. आमच्याकडची जुनी आवडती मालदांडी. पाऊस त्यानंतर बहुधा नसतोच. ज्वारी काळ्या मातीत मुरलेल्या ओलीवर, थंडीवर आणि दवावर वाढते. आगमनकाळाच्या चारही रविवारी ती उंच होत असते. आभाळातून काहीही येत नसताना, आधी मुरलेल्या पाण्यावर. मुलांना आगमनकाळ शिकवायचा असेल तर पहाटे त्यांना ज्वारीच्या कडेला न्या आणि पानाच्या पन्हाळीतून दव कसं देठाकडे उतरतं ते दाखवा. यशया संदेष्ट्याचे उतारे मग त्यांना वाचून दाखवा.

आणि त्याच पहाटे रस्त्याकडेही बघा. पाथर्डी, शेवगाव, जामखेड, पलीकडे बीड, इथली ऊसतोड कुटुंबं तोवर निघून गेलेली असतात. मुकादमाकडून उचल घेतलेली, नवरा-बायको मिळून एक कोयता, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भांडी, सरपण, शेळी आणि लेकरं. कारखान्याच्या जवळ मोकळ्या रानात कोप्या उभ्या राहतात. गरोदर बाया फडात मोळ्या उचलतात. लूक सांगतो की बादशहाच्या हुकमाने एक गरोदर बाई आपलं गाव सोडून निघाली, आणि मुक्कामाच्या ठिकाणी तिला जागा मिळाली नाही. ही गोष्ट आमच्याकडे समजावून सांगावी लागत नाही. गाईगुरांच्या वासात, उसाच्या पाचटावर, जानेवारीच्या थंडीत बाळंत झालेली बाई जिल्ह्यात शोधावी लागत नाही.

या लेकरांसाठी काही कारखान्यांवर साखरशाळा चालल्या. सगळीकडे नाहीत, आणि जिथे निघाल्या तिथेही दरसाल टिकल्या असं नाही. नाताळात गव्हाणी सजवताना दहा मिनिटं बाजूला काढा आणि आपल्या गावातून या हंगामात शाळा सोडून कोणकोणती मुलं गेली, त्यांची नावं वर्गात मोठ्याने वाचा. मुलांना ती नावं पाठ असतात. त्यांच्या शेजारची जागा रिकामी झालेली असते.

फेब्रुवारी येतो. ज्वारी उपटली जाते, कणसं मोडतात, कडब्याच्या पेंढ्या बांधतात. रान मोकळं होतं, पानगळ सुरू होते. राखेच्या बुधवारी कपाळाला जी राख लावतात ती गेल्या वर्षीच्या झावळ्यांच्या रविवारच्या झावळ्या जाळून केलेली असते. होसान्ना म्हणत ज्या हातांत धरल्या होत्या, त्याच झावळ्यांची. उपवासकाळाविषयी मी जास्त सांगत नाही. मार्चमध्ये दुपारी एक वाजता मोकळ्या रानात उभं राहावं. सावली नाही, पाणी नाही, क्षितिजापर्यंत धसकटं. चाळीस दिवसांचं अरण्य किती लांब होतं ते तिथे कळतं.

आणि मग, या सगळ्यात कडक उन्हात, झाडं पालवतात.

इथे थांबा, आणि जितका वेळ लागेल तितका घ्या. पिंपळाला तांबूस, तकतकीत, जवळजवळ पारदर्शक पान येतं. कडुलिंब कोवळा होतो, मोहरतो. पळस तर आधीच, एकही पान नसताना, पेटल्यासारखा फुललेला असतो. पाऊस संपून कित्येक महिने झाले आहेत आणि यायला अजून दोन महिने आहेत. पालवी पावसामागून यावी असं कोणालाही वाटेल. आमच्याकडची झाडं पावसाच्या आधी पालवतात. पानं टाकून देऊन त्यांनी पाणी वाचवलेलं असतं. खोलवर गेलेली मुळं आणि बुंध्यात राहिलेली ओल यांच्या जोरावर ती कोरड्या आभाळाखाली नवं पान काढतात.

पुनरुत्थानाचा सण याच दिवसांत येतो. २१ मार्चच्या किंवा त्यानंतरच्या पहिल्या पौर्णिमेमागून येणारा रविवार, म्हणजे आपल्या पंचांगाने कधी फाल्गुनी पौर्णिमेनंतरचा, कधी चैत्री. तोच चंद्र. पॅलेस्टाईनमध्ये हे सातूच्या कापणीचे दिवस, म्हणून पौलाने उठलेल्या ख्रिस्ताला प्रथमफळ म्हटलं. आमच्याकडे कापणी होऊन गेलेली असते, खळी रिकामी असतात. आम्हाला ख्रिस्त पालवीतून समजतो. मरणावर जय म्हणजे काय, हे माळावरचा पळस आणि चावडीपुढचा पिंपळ आमच्या मुलांना दरवर्षी दाखवतात, फक्त बोट करणारं कोणी लागतं.

योहान एक गोष्ट सांगतो, ती मला अतिशय प्रिय आहे. त्या पहाटे कबरेपाशी रडत उभ्या असलेल्या मग्दालीया मरियेला येशू दिसला, आणि तिला तो माळी वाटला. ती कबर बागेतच होती. उठलेल्या प्रभूला पहिल्यांदा जिने पाहिलं तिला तो मातीत काम करणारा माणूस वाटला. त्याने तिला नावाने हाक मारली तेव्हा तिने त्याला ओळखलं आणि गुरुजी म्हणून ओ दिली. माळी आणि गुरू, एका पहाटे, एकाच माणसात. ज्यांना शिकवायचं आहे त्यांनी या प्रसंगापाशी रोज यावं. आता तुमचं स्वतःचं नाव मनात ऐका, ज्या आवाजात तुम्हाला सगळ्यात मायेने हाक मारली गेली त्या आवाजात. त्या हाकेला ओ द्या.

पन्नासाव्या दिवशी वेदीवर लाल वस्त्र असतं आणि रस्त्यावर गुलमोहर. हे झाड मादागास्करचं, बाहेरून आलेलं. कधीकधी कोणी आम्हाला म्हणतं, तुमचा धर्म बाहेरचा. मी त्यांना ताटाकडे बघायला सांगते. ज्वारी आफ्रिकेतून आली, बाजरीही तिथूनच. हजारो वर्षांपूर्वी आल्या, या मातीत रुजल्या, आणि आज भाकरीला परकी म्हणणारा माणूस महाराष्ट्रात भेटणार नाही. फादर थॉमस स्टीफन्स यांचं ख्रिस्तपुराण १६१६ साली ओवीत आलं. चारशे वर्षं ही कथा मराठीत नांदते आहे. जे इथल्या मातीत वाढतं, इथल्या माणसाची भूक भागवतं, ते इथलं.

आता डोळे उघडा. ज्या झाडासमोर बसला आहात ते यांपैकी कोणत्या दिवसांत आहे ते तुम्हाला आता सांगता येईल.

तुम्ही शिकवत असाल, शब्बाथशाळेत, धर्मशिक्षणाच्या वर्गात, जिल्हा परिषदेच्या शाळेत, किंवा घरी एकाच नातवंडाला, तर एवढं करा. येत्या रविवारी पुस्तक मिटून मुलांना बाहेर न्या. जो महिना चालू असेल त्या महिन्यात बाहेर जे असेल ते त्यांना हाताळू द्या, हुंगू द्या, त्यावर प्रश्न विचारू द्या. एखाद्या प्रश्नाचं उत्तर तुमच्याकडे नसेल तर तसं त्यांना सांगा. वचन त्यानंतर वाचा.